चाळिसावी नोंद

आमच्या केंद्राचे सगळे अर्ज गल्लीतले काका लिहायचे. उभा जन्म हेडक्लार्की केलेला माणूस; वाण्याची यादी लिहिली तरी खाली 'आपला विश्वासू' लिहील, अशी मी त्यांची चेष्टा करायचे. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही दिवसभर सांभाळतो. दोन खोल्या, एवढंसं अंगण, मी आणि दोन मदतनीस. यंदा अनुदान मिळालं नाही तर केंद्राला कुलूप लागणार होतं.

अनुदानाची मुख्य अट अशी, की या भागात किमान चाळीस माणसांना केंद्राची गरज आहे हे घरोघर विचारून दाखवायचं. काकांनी महिनाभर वहाणा झिजवल्या. पाच प्रश्न विचारायचे, उत्तर येईल तसं उतरवायचं, शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, हा त्यांचा खाक्या. मी म्हणायचे, जरा तिखटमीठ लावा, वाचणाऱ्याला पाझर फुटू दे. ते ऐकून घ्यायचे आणि करायचं तेच करायचे. लोकही एकेक नग. जिथले आजोबा रोज हरवतात, तिथली सून दारातूनच सांगणार, आमच्याकडे सगळं ठीक आहे. लाज वाटते लोकांना. अशा दारी काका तीन-तीनदा जायचे, पायरीवर बसून राहायचे. शेवटी ती सूनच रडत बाहेर यायची.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही अर्ज मोजले. एकोणचाळीस भरले. पाचला कचेरीतली अर्ज घेणारी खिडकी बंद होणार होती.

चाळिसावं माणूस कुठे आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. काकू चाव्या साखरेच्या डब्यात ठेवायच्या, गॅस चालू ठेवून बाहेर पडायच्या. काका म्हणायचे, वय झालंय, दुसरं काय. परक्या सुनांना बोलतं करणारा हा माणूस स्वतःच्या घरी मात्र मूग गिळून बसला होता. माझं डोकंच फिरलं.

"काका, लोकांची भीड मोडायला महिनाभर फिरलात," मी म्हटलं, "आता स्वतःच्या दाराची कडी वाजवा."

बोलून गेले आणि जीभ चावली.  ते एक कोरा अर्ज उचलून निघाले, तशी मीही मागोमाग गेले.

काकू पलंगावर बसून रुमालांच्या घड्या घालत होत्या. काकांनी समोर खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि इतर घरी विचारायचे तसंच अहो-जाहो करत विचारायला लागले. काकूंनी नाव बरोबर सांगितलं. वय चुकलं, तेही चांगलं वीस वर्षांनी. मग तिसरा प्रश्न आला, घरात तुमच्यासोबत कोण असतं?

काकू हसल्या. "एक गृहस्थ असतात. फार भले आहेत हो, माझी वेणीसुद्धा घालून देतात. पण त्यांच्या घरी कुणी वाट बघत असेल ना? त्यांना म्हणावं, जा आता."

काकांनी शब्दन्‌शब्द उतरवला. अक्षर जराही हललं नाही.  उरलेले दोन प्रश्नही त्यांनी शांतपणे विचारले. खाली नातेवाइकाच्या सहीचा रकाना होता. तिथे पेन टेकवून ते थांबले.

"ताई," त्यांनी मला विचारलं, "इथे नातं काय लिहू?"

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजून गेले होते. त्यांनीच मग 'पती' लिहिलं, सही केली आणि अर्ज माझ्या हातात दिला. म्हणाले, तुम्ही पळा, मी हिच्याजवळ बसतो.