आटवलेलं पाणी

सकाळचं कोवळं ऊन अंगणात उतरण्याआधीच स्वयंपाकघरातून ओव्याचा आणि बाळंतशेपांचा वास दरवळू लागे, आणि त्या ऊबदार, ओळखीच्या गंधाखाली, अगदी तळाशी, आणखी काहीतरी असे. नखांचा रंग पुसायच्या द्रावासारखं, गोडसर आणि थंड. पहिल्या बाळंतपणासाठी मी अमरावतीला माहेरी आले होते. बाळंतिणीला कच्चं पाणी द्यायचं नाही, निम्मं होईस्तोवर आटवून द्यायचं, ही आमच्या घरची रीत. आई विहिरीचं पाणी गॅसवर चढवी आणि ते अर्ध्यावर येईपर्यंत तिथून हलत नसे. मी वासाची कुरकुर केली की म्हणायची, "बाळंतिणीचं नाक लय तिखट असते बापा! पी गुमान. उकळलं का सारं मरते."

आमचं घर शहराच्या टोकाला. मागे विहीर, आणि कुंपणापलीकडे गिट्टीची जुनी, सोडून दिलेली खदान. गेली काही वर्षं तिथे तिन्हीसांजेला टँकर येत. नाव नाही, पाटी नाही. खदानीकडे पाठ करून थोडा वेळ उभे राहत आणि हलके होऊन निघून जात. तक्रार झाली की चार दिवस येत नसत, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

पण मला खदानीपेक्षा विहिरीचंच भय वाटू लागलं होतं. लहानपणी तिच्या कपारींत पारवे घुमत, खडा टाकला की बेडकांची पळापळ होई. आता भर दुपारी डोकावलं तर पाणी इतकं नितळ, की कधीतरी पडलेली बादली तळाशी कडीसकट दिसे. शेवाळ नाही, बेडूक नाही, साधा पाणकिडाही नाही. कडुनिंबाची पानं पडत, दिवसेंदिवस तरंगत राहत आणि सडत मात्र नसत. आई पाहुण्यांना कौतुकानं दाखवी, "पहा, कसं काचेवानी हाय!" मी वाकले की त्या काचेत माझा चेहरा उमटे, आणि त्याच्या गालावरून एक सप्तरंगी तवंग सावकाश सरकत जाई.

एका दुपारी लेकीनं दूध पिता पिता तोंड फिरवलं. बाळं फिरवतातच, पण मी घाबरले, रडले, पाण्याचा पेला दूर सारला. बाबा वकील, त्यांचा विश्वास पुराव्यावर. ते बाटल्या भरून अकोल्याच्या प्रयोगशाळेत देऊन आले. काही दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. पिऊ नका, रांधू नका, बाळाला न्हाऊही घालू नका, असं त्या म्हणाल्या.

"आन् उकळलं तर?" आईनं विचारलं.

"उकळून जंतू मरतात, काकू. ही रसायनं आहेत. काही वाफेतून घरात पसरतात, उरलेली पाणी आटेल तशी दाट होतात."

आईनं उठून पातेल्याखालचा गॅस बंद केला. मला तिचा राग येईना. आला तो त्या बिननावाच्या टँकरांचा, आणि तो अजून गेलेला नाही. बाबा काकांकडून नळाचं पाणी कॅननं आणू लागले. आम्हा मायलेकींची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, दूध पाजत राहा, आपण लक्ष ठेवू.

सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं विहीर पुजायची असते. बाबा म्हणाले, यंदा राहू द्या. आई उसळली, "तिचा काय कसूर हाय त्यात? तिच्या पोटात तर दुसऱ्यानंच ओतलं!"

मार्गशीर्षाचं पिवळं ऊन काठावर पसरलं होतं. लेकीला कुशीत घेऊन मी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. त्यातला एकेक दाणा तळाशी पोचेपर्यंत दिसत राहिला. या पूजेत विहिरीपाशी एकच मागणं मागायचं असतं, आमच्याकडच्या लेकीसुनांना ते पाठच असतं. मी सवयीनं डोळे मिटून म्हणू लागले, "विहीरमाय, तुझ्या पाण्यासारखं माझं दूध..."

आईचा कुंकवानं माखलेला तळवा माझ्या तोंडावर आला.

"नको म्हणू वं माय," ती म्हणाली, "नको म्हणू."

दुसरं काय मागावं, ते आम्हा दोघींनाही सुचेना. आम्ही तशाच काठाशी उभ्या राहिलो, आणि कुशीतली लेक भुकेनं माझा पदर चाचपू लागली.