दोन बोटं रिकामी

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत ताईंना सगळे पाठीमागे 'दोन बोटं' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाटलीत वर दोन बोटं जागा सोडा आणि मोजण्याआधी चांगली हलवा, हा नियम त्यांनीच एकोणीस वर्षांपूर्वी भिंतीवर लिहिला होता. गढूळपणा मोजायला तो अगदी बरोबर.

मासळीची पिल्लं वाढवणारे काका तिसऱ्यांदा बाटली घेऊन आले, तेव्हा रडायचेच बाकी होते. "ताई, पिल्लं वर येऊन तोंडं वासतायत. आज दोनशे गेली. आहे तरी काय या पाण्यात?"

ताईंनी बाटली हलवली, पाणी भांड्यात ओतलं, गेल्या वर्षी आलेला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर त्यात बुडवला. आकडा आला चौदा, म्हणजे वीसच्या आत. प्राणवायूही पुरेसा.

"पाणी ठीक आहे हो."

"मग मासे काय नाटक करतायत?"

हे मात्र ताईंना झोंबलं. खरंच की, मासे कशाला खोटं बोलतील? जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी सेन्सर पिशवीत घातला.

"अहो, यंत्र बाहेर नेत नाहीत!" प्रयोगशाळेचे साहेब ओरडले.

"मग मासे आत आणू?"

काकांच्या टाकीवर पोचताच त्यांनी सेन्सर थेट पाण्यात सोडला. एकेचाळीस! पुन्हा पाहिलं, एकेचाळीसच. मग तेच पाणी बाटलीत काठोकाठ भरून, झाकण पाण्याखालीच लावून मोजलं. चाळीस. शेवटी दोन बोटं रिकामी ठेवून, हलवून, ओतून मोजलं. चौदा.

"अगं बाई!" ताईंनी हातातली बाटली खाली ठेवली. सोड्याची बाटली हलवून उघडली की वायू पळतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "काका, पाणी ठीक आहे म्हणून तीनदा सांगितलं ते मीच. चूक माझी."

ताईंनी सांगितलं तसं काकांनी नळाचं तोंड उंच बांधलं, खाली चाळण धरली. पाणी थेंबाथेंबानं पडू लागलं, वायू उडू लागला. संध्याकाळी आकडा अठरावर आला आणि पिल्लं पुन्हा तळाशी पोहू लागली. दोनशे सोडून.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्टुलावर चढून नियमाखाली लिहिलं, 'वायू मोजताना हे करू नये.' मग वर्षभराची वही काढली. वायू असा हलवून मोजल्याच्या त्रेसष्ट नोंदी होत्या.

"राहू द्या ना," साहेब हळूच म्हणाले. "तुमचं नाव खराब होईल."

ताईंनी फोन उचलून पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार, प्रयोगशाळेतून बोलतेय. हो, हो, तीच, दोन बोटं. तुमचं पाणी मी चुकीचं मोजलं होतं. आधी सांगा, मासे कसे आहेत?"