करुणाताईचा शेरा

आमची करुणाताई जन्माची भित्री. एसटीत कंडक्टरला "थांबवा" म्हणायची भीती वाटायची, म्हणून कितीदा तरी ती पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागं आली. अशी ही मुलगी अठ्ठ्याण्णव साली शिरूरच्या कॉलेजात होती, आणि तिथल्या सरांनी वर्गाला भलतंच काम लावलं. प्रत्येकानं आपल्या गावावर शोधनिबंध लिहायचा, पण कच्चा मसुदा आधी वर्गातल्याच दुसऱ्या कुणी वाचायचा. नुसतं 'छान' चालणार नाही. चूक दाखवायची आणि खाली सही करायची.

ताईच्या वाट्याला सविताचा मसुदा आला. सविता आमच्याच गावची, डेअरीचे चेअरमन सर्जेराव आबा यांची मुलगी. तिनं लिहिलं होतं, 'गावातील सर्वांचे दूध एकाच कॅनमध्ये जमा होते.' आमच्या बौद्ध वस्तीचं दूध कोपऱ्यातल्या वेगळ्या कॅनमध्ये ओतावं लागे. सविताला ते ठाऊकच नव्हतं. चेअरमनची लेक कशाला जाईल दूध घालायला?

"छान हाय म्हून लिही आन् मोकळी हो," आमचे वडील, दादा, म्हणाले. "उद्या त्यांनी दूध घ्यायचं बंद केलं, तर गाईला काय तुझा निबंध चारू?"

ताईनं दोनदा 'छान' लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी पेन्सिलनं लिहिलं, 'आमच्या वस्तीचा कॅन वेगळा आहे.' सही करताना हात इतका कापला की नाव तिचं तिलाच वाचता येईना. त्या दिवसापासून दारावरनं मोटरसायकल गेली तरी घरात सगळे गप्प होत.

सविता मुलगी सरळ. तिनं वाक्य दुरुस्त केलं, आणि माहिती कुणाकडून मिळाली ते सांगावं असं सर शिकवत, म्हणून खाली ताईचं नावही घातलं. वर म्हणाली, "आबांलाबी एक प्रत द्यायचीय."

ताईनं तिचा हात धरला. "माझं नाव काढ गं, पाया पडते तुझ्या. तू सोता येऊन बघ की सकाळी."

सविता डेअरीवर आली. लेक येणार म्हणून आबाही आले. दादा नेहमीसारखे कोपऱ्याकडं वळले, तसे आबा हसून म्हणाले, "पोपटराव, तिकडं कुठं? हिकडं वता की." एरवी पोपट्या म्हणणाऱ्या तोंडातून पोपटराव ऐकलं आणि दादांना घाम फुटला. त्यांचं दूध सगळ्या गावाच्या दुधात पडलं.

"बघ, एकच तर हाय," सविता म्हणाली. तिनं तिथल्या तिथं दुरुस्ती आणि ताईचं नाव खोडून पहिलं वाक्य परत लिहिलं.

संध्याकाळी दादांचं दूध पुन्हा कोपऱ्यात गेलं.

शेवटच्या वाचनाला मसुदा ताईकडं आला, तेव्हा दादा म्हणाले, "तुझं नाव गेलं, सुटलीस. आता गप बस." ताईनं पेन्सिल बाजूला ठेवली आणि माझं शाईचं पेन मागितलं. 'तू समोर होतीस तेव्हा कॅन एक होता. तू गेल्यावर दोन झाले.' खाली लिहिलं, करुणा पोपट ओव्हाळ.

मी ते दादांना वाचून दाखवलं. ते उठले आणि गाईपाशी जाऊन बसले. ताईचा हात अजून कापत होता. पण या वेळी नाव कुणालाही वाचता येत होतं.