फायद्याचा रकाना

मालवणच्या किनाऱ्यावर एका बर्फाच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. होड्यांसाठी लाद्या फोडणारं यंत्र तिथे आहे, आणि त्याच्याशेजारी दिवसभर देखरेखीवरचा एक माणूस उभा असायचा. बोलणं दोनच शब्दांचं: "हात मागे!" कामगार म्हणायचे, "घराकडे ऐकणारा कोण नाय, म्हणान आमकांच वरडता." तो हसायचा नाही. डबाही यंत्राकडे तोंड करून एकटाच खायचा.

गेल्या वर्षी त्यानेच मागे लागून माझ्याकडून एआय कॅमेऱ्याचा प्रस्ताव लिहून घेतला. हात यंत्राच्या तोंडाशी गेला, की हा कॅमेरा ते ओळखून यंत्र थांबवतो. खर्च मी मांडला, पण फायद्याच्या रकान्याशी अडलो. अपघातांच्या वहीत एकही नोंद नव्हती.

कारखान्याच्या शेठनीही ऑफिसात आम्हा दोघांना बोलावून त्याला तेच विचारलं. "अरे, एकाचा तरी बोट गेला काय? मगे कॅमेरो कित्याक? तू आसस मा?"

तो म्हणाला, "माका नीट दिसणा नाय, शेठ. म्हयनोभर मी आवाजावरसून अंदाज घेतंय."

मग तो माझ्याकडे वळला. "फायद्यात माझो पगार लिवा. तो आता वाचतलो."

मी लिहिला. तेव्हा कुठे प्रस्ताव फायद्यात आला, आणि शेठनी सही केली.

तो चौकट चाचपत दारापर्यंत गेला. तिथून म्हणाला, "यंत्र बंद करून इलंय. दुसरो कोण उभो रवल्याशिवाय चालू करू नकात."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाहेर बराच वेळ कसलाच आवाज नव्हता.