ठमीचं वजन आणि माझं

रिपोर्ट आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. शुभांगीचा फोन वाजला. माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं, पण फोन मी चार्ज करून ठेवतो, कारण मांजराच्या दवाखान्यात फाइलवर तिचाच नंबर आहे. मेसेज होता : ‘ठमीचा बायोप्सी रिपोर्ट आला आहे. येऊन भेटा.’

ठमी शुभांगीचीच. तिला झालंय काय, हे कळायला तीन महिने लागले. तेवढ्यात किस्से मात्र मांजराच्या केसांसारखे साचले. झटकले तरी पॅन्टला चिकटलेलेच.

*

शुभांगीची पद्धत होती : पहिल्या तारखेला ठमीला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं. तिच्यानंतर मी ते चालू ठेवलं. माझं वजन अडुसष्ट, हे पाठ होतं, त्यामुळे मी एकटा कधी काट्यावर चढलोच नाही. दर महिन्याला बहात्तर यायचं. ठमी चार किलो, ठणठणीत!

उलट्या वाढल्या तेव्हा तिला मृणाल डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या काट्यावर ती भरली दोन किलो आठशे. मी वाद घातला. त्यांनी शांतपणे मलाच मोठ्या काट्यावर उभं केलं. एकोणसत्तर किलो दोनशे.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुम्ही दोघांनी मिळून काट्याला फसवलंत.”

शेजारच्या सुमनताई मला रोज डबा देतात. तूप जरा सढळच असतं.

*

सोनोग्राफीच्या दिवशी ठमीला काही खायला द्यायचं नव्हतं. मी आंघोळीला जाताना सुमनताईंना सांगितलं, “आज हिचा उपवास आहे.” बाहेर आलो तर ठमी मिशा चाटतेय.

“दूध दिलं फक्त,” सुमनताई म्हणाल्या. “उपासाला चालतं की.”

सोनोग्राफी दुसऱ्या दिवशी झाली.

*

आतड्याची भिंत जाड दिसली. “नुसती सूजही असेल, नाहीतर लिंफोमा,” डॉक्टर म्हणाल्या. “सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसतं. भूल देऊन तुकडा काढावा लागेल.”

ठमी अकरा वर्षांची. मी चार दिवस मागितले आणि आठ घेतले.

*

तर, मेथी तशीच टाकून गेलो. लिंफोमाच निघाला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. शेजारी सायखेड्याचे एक शेतकरी, द्राक्षांच्या क्रेटमध्ये बोका घेऊन.

“काय निघालं?”

“कॅन्सर. आतड्याचा.”

“बेकार. झटपट वाढणारा का हळू?”

“हळू म्हणतात. गोळ्यांवर बरीच मांजरं छान राहतात म्हणे.”

“मग काय तोंड पाडून बसले? आमच्याकडं मांजराला बिबट्या नेतो.”

*

कॅन्सरची गोळी हातमोजे घालून द्यायची असते. सुमनताई दारातून बघत होत्या.

“शुभांगीची तरी एवढी बडदास्त ठेवली होती का?” म्हणाल्या, आणि त्यांनाच कसंतरी झालं.

“नाही,” मी म्हटलं. “ती गोळी थुंकत नव्हती.”

मग दोघंही हसलो.

*

परवा दाखवायला नेलं. ठमी तीन किलो शंभर. डॉक्टरांनी मोठ्या काट्याकडे बोट केलं, “आता तुम्ही.” सत्तर!

“हिला गोळ्यांनी गुण आला. तुम्हाला कशाने?”

“डब्याने.”

काउंटरवरची वैशाली फाइल उघडून बसली होती. “काका, पुढची तारीख मेसेज करते. काकूंचाच नंबर ठेवू, की तुमचा टाकू?”

“पुढच्या वेळी बघू,” मी म्हटलं.

नंबर बदलायचा राहिला आहे.