माडाला लावलेला कान

काशीदपासून मुरुडपर्यंत नुसता कान लावून माडाच्या पोटात अळी आहे का नाय ते सांगणारी माणसं दोनच, माझे चुलत सासरे आणि मी. मी फक्त चुकीचं सांगतो.

काका म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका. आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एक मोडकं कुंपण, तेही त्यांनीच मोडलेलं, कारण रोज सकाळी चहाच्या आधी त्यांना आमचे माड तपासायचे असतात. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, टोपी मागे, आणि माडाला दोन्ही हातांनी मिठी मारून कान टेकवलेला. आत सोंड्या भुंग्याची अळी असली की ती खोड कुरतडते आणि तो आवाज कान लावला की येतो, हे त्यांचं शास्त्र. एकदा समुद्रावर आलेल्या पाहुण्यांपैकी एका बाईंनी त्यांना असं बघितलं, त्यांना वाटलं ध्यानधारणा चालली आहे. त्याही शेजारच्या माडाला मिठी मारून डोळे मिटून उभ्या राहिल्या. काकांनी विचारलं, "काय ऐकू आलं?" बाई म्हणाल्या, "शांतता." काका म्हणाले, "मग माड चांगला आहे," आणि पुढच्या माडाकडे गेले.

किड्यांचा त्यांना राग असेल असं वाटतं, तर तसंही नाय. वांग्याच्या भाजीत अळी निघाली तर ते तिला ताटाच्या कडेला बसवतात, म्हणतात, "आधी ती जेवायला बसली होती." शेतात मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावली की आपण सगळे शेंगा सोलून गपागप वाल खातो, हे एकेक शेंग उजेडाला धरून बघतात आणि सांगतात, "हिच्यात कोणीतरी जेवून गेलं." माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता न टाकलेला माणूस हा एकच. हे ते तांदूळ तळहातावर पसरून बघत होते. मग थेट वर आले. मला वाटलं आशीर्वाद देतायत. म्हणाले, "जावईबापू, तांदूळ कोणाकडून आणले? सोंडे आहेत." तेवढ्यात मांडवाच्या दिव्यावर एक पिवळं पाखरू येऊन बसलं, पंखावर काळा ठिपका. हे खुर्चीवर चढले, ते पकडलं आणि माझ्या आईला दाखवलं, "विहीणबाई, ही भाताच्या खोडकिड्याची आई." आईने बिचारीने नमस्कार केला. तिला वाटलं त्यांच्याकडची कोणीतरी आहे.

मला त्यांनी शिकवायला घेतलं ती त्यांची एकच चूक. मी चौथीत दोनदा बसलेला माणूस, पण कान दोन आहेत म्हटल्यावर त्यांना आशा वाटली. पहिल्याच दिवशी मी माडाला मिठी मारली आणि ओरडलो, "काका, आहे! टिक टिक करतेय!" काकांनी कान लावला, मग माझ्या मनगटाकडे बघितलं. सासरहून लग्नात मिळालेलं घड्याळ होतं. "अळी वेळेवर जेवते वाटतं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी घड्याळ काढून कान लावतो, आठवण राहिली तर.

आमच्या स्वयंपाकघराच्या कौलांवर झुकलेला एक माड आहे, माझ्या आईने लावलेला. आई गेली, माड आहे. गेल्या वर्षी काकांनी त्याला नेहमीसारखा कान लावला आणि म्हणाले, "निवांत आहे." मी दुसऱ्या बाजूने उगाच कान लावला, तर आतून कुरूम कुरूम, कोणीतरी पापड खातंय तसं. घड्याळ घरात होतं. मी काकांकडे बघितलं, ते तर पुढे गेलेले. आता काका कधी चुकत नाय आणि मी कधी बरोबर नसतो, मग हा आवाज कोणाचा? मी विजेच्या खांबाला कान लावला, काय नाय. शेजारच्या म्हशीच्या पोटाला लावला, तिथे पुष्कळ काय काय चाललं होतं, पण कुरूम कुरूम नाय. परत माडाला, परत कुरूम. डोकं चालेना. शेवटी बायकोला बोलावलं. तिने कान लावला आणि तिचा चेहराच उतरला. "अवो, ही तर पंगत बसलीय आत."

तेव्हा कळलं. काका अलीकडे "हां? हां?" करायचे, टीव्ही मोठा लावायचे आणि म्हणायचे, हल्ली सगळी माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. बायको म्हणाली, "काकांना सांगू नका. माड ऐकता येत नाय म्हटलं तर ते उठायचेच नायत सकाळी." आणि नाय सांगितलं तर आईचा माड आतून पोकळ होऊन एक दिवस चुलीवर पडणार. मी ठरवलं, गुपचूप आपणच इलाज करायचा.

काका मुरुडला डोळे तपासायला गेले तो दिवस धरला. खोडावर दोन भोकं होती, तपकिरी रस गळत होता. काकांची पद्धत मी शंभरदा बघितली होती, एक भोक बुजवायचं आणि दुसऱ्यातून औषध ओतायचं. कुठलं बुजवायचं आणि कुठलं ठेवायचं एवढंच आठवेना. मी वरचं सिमेंटने झकास बुजवलं, थापी फिरवली, आणि खालच्यात औषध ओतलं. सगळं माझ्या पायावर आलं.

संध्याकाळी काका आले, माडासमोर उभे राहिले. "हे कोणी केलं?"

"माकडांनी," मी म्हटलं.

"माकडांनी थापी मारली?" काका म्हणाले. "माकडांनी केलं असतं तर खालचं बुजवून वरून ओतलं असतं." मग विहिरीच्या काठावर बसले. "किती दिवस ऐकू येतंय तुम्हाला?"

"पंधरा."

"मला नाय आलं," ते म्हणाले. चष्मा काढून पुसला, परत घातला. मी म्हटलं, "काका, अळी पण हल्ली तोंडातल्या तोंडात खाते." ते हसले का नाय ते अजून मला कळलेलं नाय. मग उठले, सिमेंट फोडलं, आणि आम्ही दोघांनी मिळून नीट इलाज केला.

हल्ली काका रोज येतात, सवयीने माडाला हात लावतात आणि मला म्हणतात, "बघा." मी कान लावतो, ते माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात, डॉक्टरकडे बघावं तसे. परवा आईच्या माडाची नवी झावळी सरळ वर निघालेली, माड सावरल्याची खूण, त्यांनी बोट करून दाखवली आणि मला मिठी मारायला लावली. मी कान टेकवला आणि ओरडलोच. "काका, अजून आहे हो आत! स्पष्ट ऐकू येतंय!"

काकांनी वर झावळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जावईबापू, आधी घड्याळ काढा."