बैलाच्या कष्टाविना माठ

बेलापूरला आमचं घर तळमजल्यावर होतं आणि मागे चार पावलांची बाग. बाग म्हणायची एवढंच. खाडीत भराव घालून वसवलेलं गाव ते, खणलं की मुरूम लागायचा. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. मुलगी सात महिन्यांची, माझी बाळंतपणाची रजा संपलेली, म्हणून तिला सांभाळायला सासूबाई कोकणातून आल्या होत्या. आल्या आणि रोज परत जायचं काढू लागल्या. "या मातीत काही उगवत नाही. माणूस काय राहणार?" त्या गेल्या तर नोकरी सोडण्याखेरीज मला इलाज नव्हता. राजीनामा लिहून मी पर्समध्ये ठेवलाही होता.

तरी त्यांनी पदरात बांधून आणलेलं देठाच्या माठाचं बी त्या मुरमात पेरलं. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, म्हणून बाजारचा माठ नको, घरचाच हवा. दीड महिना त्या तांदूळ धुतलेलं पाणी घालत होत्या. माठ कमरेएवढा झाला आणि जायची भाषा जरा कमी झाली.

गणपतीआधीच्या रविवारी आम्ही दोघी मुलीला घेऊन वाशीला बाजाराला गेलो. तेवढ्यात नवऱ्याला काम करायची हुक्की आली. एरवी रविवारी पेपर सोडून उठणार नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी बाग साफ केली. परत येऊन बघते तर सगळा माठ उपटून कुंपणापाशी उन्हात कोमेजलेला ढीग, आणि कडेला आपोआप उगवलेल्या कोंबड्याच्या लालभडक फुलझाडांना आळी करून पाणी घातलेलं.

"हिरवं गवत काढलं. लाल माठ ठेवलाय," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. कोकणात जन्मलेला माणूस, आणि ताटात येईपर्यंत माठ पाहिला नव्हता.

"कोंबडा माठाच्याच भावकीतला," सासूबाई थंडपणे म्हणाल्या. "पण भावकी काय ताटात वाढायची?" मग आत जाऊन त्यांनी ट्रंक पुढे ओढली. 

चतुर्थीला सकाळी शेजारच्या दिवाळे गावची मासळीवाली आली. गणपतीत मासळी कोण घेणार, म्हणून टोपलीत केळीची पानं होती. आमचे चेहरे बघून तिने विचारलं, मी सगळं सांगितलं. तिने मोरीच्या पाइपाकडे बोट दाखवलं. तिथे काटेमाठ माजला होता. काटे टोचले म्हणून नवऱ्याने तेवढाच सोडला होता.

"ह्यो बी माटच हाय. आमी खातो. कोनी लावला नाय, कोनी नांगरला नाय. येला कुठं बैल लागला?"

सासूबाई पदर खोचून पाइपापाशी जाऊन बसल्या. कोवळे शेंडे निवडून त्यांनी ते नवऱ्यापुढे ठेवले. "काटे काढ. एकही राहता कामा नये."

ते तासभर बोटं चोखत काटे काढत बसले. मला दया आली नाही.

पंचमीला भाजी झाली. सासूबाईंनी पहिला घास चावला, मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी माझ्या माठाला हात लावलास तर बघ."

पुढच्या वर्षी. मी उठले, पर्समधला राजीनामा काढला, त्यात कालपासून पडून असलेले ते काटे गुंडाळले आणि कचऱ्यात टाकले.